भाडेकरू बाईंचं गॅरेज

८ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद आधीच देऊन टाकतो. शेवटी ठेवले की कागद संपतो, आणि मग तुझी सासू म्हणते, पोरीला नुसती कामं सांगता.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही. उरलेलं अर्धं ऐकायच्या आत ही माझ्या हातातून फोन ओढून घेते, आणि मग स्वतः काहीच बोलत नाही, नुसती कानाला लावून बसते. शिवाय मला जे विचारायचंय ते तुझ्या धंद्यातलं आहे. रंगाच्या दुकानात नोकरी करणारी सून असताना मी परक्याच्या दारात कशाला जाऊ?

गॅरेज भाड्यानं द्यायचं ठरवलंय. एक बाई आहेत, एकट्याच, स्वभावानं चांगल्या. त्यांना दुकानासाठी रस्त्यालगत छोटी जागा हवी आहे. आता आपलं गॅरेज किती अरुंद आहे ते तुला सांगायला नको. सगळ्यांना बाहेर उतरवून आमचा पठ्ठ्या, म्हणजे तुझा नवरा, गाडी आत घालायचा आणि पोट आत ओढून दाराच्या फटीतून बाहेर पडायचा. तो गेल्यावर ती गाडी आत घालणं कोणालाच जमलं नाही. ती रस्त्यावरच उभी राहिली आणि रस्त्यावरूनच विकली गेली. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही शटरला हात लावला नव्हता. परवा लावला.

भिंतींची दशा बघवत नाही. डावी त्यातल्या त्यात बरी. उजवी, शेजाऱ्यांच्या न्हाणीघराला लागून आहे ती, कमरेपर्यंत फुगली आहे. बसडेपोत फोरमन होतो तेव्हा मीच हौसेनं दोन्ही भिंतींना खालून हिरवा ऑइलपेंट मारला होता. उजवीकडे त्याला आता फोड आलेत. दाबला की फोड फुटतो आणि आतून पांढरी भुकटी सांडते. रंगारी म्हणतो, वरून आणखी एक हात ऑइलपेंट देतो, चकाचक होईल. मला त्याचं चकाचक पटत नाही. काय करू ते कळव.

बाबा

१९ जानेवारी

बाबा,

तुम्हाला आणि आईंना नमस्कार. पाकिटावर तुमचं अक्षर बघून ते तिथेच दारात उभ्यानं फाडलं. आतून फोड आणि भुकटी निघाल्यावर जीव भांड्यात पडला!

रंगाऱ्याला चहा द्या आणि घरी पाठवा. ती भुकटी म्हणजे लोणा, विटेतून पाण्याबरोबर बाहेर आलेलं मीठ. भिंतीतलं पाणी बाहेर पडायला बघतंय आणि तुमच्या हिरव्या रंगानं त्याची वाट बंद केली आहे, म्हणून ते रंगालाच ढकलतंय. वरून आणखी रंग दिलात तर आणखी मोठे फोड येतील. सगळा ऑइलपेंट खरवडून काढा. गिलाव्यावर ठोकून बघा, जिथे पोकळ वाजेल तिथे तो विटेपर्यंत उतरवा. फुगलेल्या भागाच्या वरही हातभर जास्तच उतरवा. वीट कोरड्या ब्रशनं झाडा. धुऊ नका, धुतलं की मीठ परत आत जातं. आणि मग थांबा. थांबणं तुमच्या स्वभावात नाही हे मला माहीत आहे, पण भिंत वाळल्याशिवाय पुढचं काम करायचं नाही. नवा गिलावा चुन्याचा करा, नुसत्या सिमेंटचा नको.

भिंत वाळली का ते ओळखायची युक्ती सांगते. हातरुमालाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा घ्या आणि चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर चिकटवा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे.

बाई येताहेत हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी माहेरी दादाकडे निघून आल्यापासून त्या घरात तुम्ही दोघंच, हे काही केल्या माझ्या मनातून जात नाही. खाली कोणाची तरी ये-जा राहील, आईंना बोलायला माणूस मिळेल. कसलं दुकान काढताहेत त्या?

तुमची सून

११ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद. रंगारी रुसला. म्हणाला, तुमची सून येऊन खरवडणार आहे का? मी म्हटलं, सून नाही तर सासरा खरवडेल. तेव्हापासून रोज सकाळी नाकातोंडाला फडकं बांधून मीच आत जातो. ही म्हणते, दरोडेखोर दिसता. दंड भरून आलेत, पण सांगायची सोय नाही, कारण काम बंद होईल.

उजवीचा गिलावा तू म्हणालीस तसाच पोकळ होता. पत्र्याची पट्टी आत सारली की ढलपेच्या ढलपे सुटून पायावर पडत होते. आता कमरेच्या वरपर्यंत वीट उघडी आहे. झाडली आहे. थांबलो आहे. बघ, जमतं मला.

डाव्या भिंतीचं एकच अडलंय. मागच्या कोपऱ्याजवळ बंपरच्या उंचीवर एक पट्टा आहे, गाडीच्या निळ्या रंगाचा. पठ्ठ्या गाडी चालवायला शिकला तेव्हापासून घासून घासून तिथे बसलेला. त्याच्या शेजारी थोडा लाल आहे, तो तुझ्या स्कूटरचा. एवढं सोडून बाकीची भिंत झाली. इथे मात्र हात उचलत नाही. त्याच्यावरूनच पुट्टी लावली तर चालेल का? आत राहील तो, कोणाला दिसणार नाही.

दुकान शिवणकामाचं आहे. बाई साधारण तुझ्याच उंचीच्या आहेत. उभं राहून काम करायचं तर टेबल किती उंच असावं? आणि स्टुलावर न चढता हात पोचावा तर वरची फळी कुठे ठोकावी? त्यांनाच विचारलं असतं, पण परक्या बाईंना उंची विचारायला मला संकोच वाटतो.

बाबा

२० फेब्रुवारी

बाबा,

नाही चालणार. गाडीच्या रंगावर पुट्टी धरत नाही. आज बसेल, पण वर्षभरात पापुद्रा सुटेल आणि नेमका तेवढाच पट्टा परत उघडा पडेल. खरवडा.

हे मी दुकानात बसून लिहितेय. गिऱ्हाइकांना रोज हेच सांगते, म्हणून न थांबता लिहून झालं. लिहून झाल्यावर मागच्या खोलीत गेले आणि डब्यांच्या मध्ये बसून रडले. तो लाल डाग त्यानं मला कधी पुसू दिला नाही. म्हणायचा, हा पुरावा आहे, म्हातारपणी लागेल. तरीही खरवडा, बाबा. नव्या माणसाला भिंत द्यायची तर पक्की द्यायची.

टेबलाचं असं आहे की सरळ उभं राहून कोपर वाकवलं की त्याच्या चार बोटं खाली टेबल यावं. माझ्या उंचीच्या बाईला तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापेक्षा जरासं उंच. आमच्या दुकानातलं नको तितकं उंच आहे, संध्याकाळपर्यंत माझे खांदे भरून येतात. वरची फळी डोक्यावर वीतभर, त्याहून वर नको. पण शिवणकाम उभ्यानं कशाला करतील? कापड बेतायला असेल, नाही का?

इकडे बरंच काही चाललंय. कधीतरी निवांत लिहीन. आईंची तब्येत नीट कळवा. तुम्ही नेहमी 'धडधाकट' लिहून मोकळे होता.

तुमची सून

१५ मार्च

सूनबाई,

आशीर्वाद. खरवडलं. तू सांगितलंस म्हणून. आधी लाल गेला, मग निळा. शेवटी हातानं चाचपून बघितलं, काही राहिलं नव्हतं.

उजव्या भिंतीला प्लॅस्टिक लावलं, तर दव आलं. चार दिवसांनी लावलं, पुन्हा दव. मग लक्षात आलं की शेजाऱ्यांच्या न्हाणीघराचा पाइपच गळतोय. मी गेलो, गोड बोलून सांगितलं. ते म्हणाले, तुमचीच भिंत म्हातारी झाली आहे. मी आपला परत आलो. तुझी सासू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तुला ठाऊक आहे, तो गेल्यापासून ती शेजारीपाजारी कोणाशी एक शब्द बोललेली नाही. ती तशीच घरातल्या चपला घालून निघाली आणि तिनं त्या माणसाला असं काही फैलावर घेतलं की समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. त्यांचा नळ, त्यांचा नळवाला, त्यांचं दरवाजा आपटणं, वीस वर्षांचं सगळं काढलं. मी मागे उभा राहून ऐकत होतो आणि पोरी, मला इतका आनंद झाला! आपली बाई भांडली! त्याच आठवड्यात त्यांनी पाइप बदलून घेतला.

आता ती रोज खाली येते, स्टूल टाकून बसते आणि मला चुका दाखवते. पडद्याला कापड आणलंय. दाराशी ठेवायला पायपुसणं आणलंय. तिला भाडेकरू बाई पसंत आहेत. कोण येणार आहे ते तिला सांगितलं तेव्हापासून तिचं जेवणही सुधारलंय. झाली ना तब्येत नीट कळवून?

गिलावा चुन्याचाच झाला. गवंडी कुरकुरत होता की हल्ली असलं कोणी करत नाही. मी तुझं नाव पुढे केलं. आता भिंत वाळते आहे आणि मी थांबलो आहे.

एक सहज विचारतो. समजा, शिवणकामाचं नसून रंगाचं दुकान असतं, तर भिंतींना तू कुठला रंग दिला असतास?

बाबा

२७ मार्च

बाबा,

आई भांडल्या ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. दादाला वाचून दाखवलं, वहिनीला दाखवलं. तुमच्या त्या बाईंचे पाय धरावेत असं वाटतंय. मला जे जमलं नाही ते त्यांनी न येताच करून दाखवलं. मी तिथे होते तेव्हा आई माझ्याकडे बघायच्या आणि त्यांना तो आठवायचा. मी त्यांच्याकडे बघायचे आणि मला तो आठवायचा. समोरासमोर जेवायला बसायचो आणि दोघी उपाशी उठायचो. म्हणून मी निघून आले. हे तुम्हाला तोंडानं कधी सांगता आलं नाही.

रंगाचं दुकान असतं तर मी भिंत जवळजवळ बेरंग ठेवली असती. पांढऱ्यात थेंबभर काळा, राखाडीसुद्धा म्हणता येणार नाही इतपत, आणि चकाकी अजिबात नको. भिंतीला स्वतःचा रंग असला की गिऱ्हाइकाच्या हातातल्या रंगांच्या शेड कार्डावर तिची झाक पडते. तो एक रंग समजून नेतो, घरी दुसराच निघतो आणि मग भांडायला येतो. कापडाचंही तेच. तेव्हा बाईंनाही हाच द्या.

गंमत सांगू? तुम्ही दोघं एकदा गावाला गेला होतात, तेव्हा आम्ही तुमच्या गॅरेजची टेपनं मापं घेतली होती. रंग मिसळायचं यंत्र कुठे, टेबल कुठे, सगळं जमिनीवर खडूनं आखलं होतं. मग गाडी कुठे ठेवायची यावरून भांडण जुंपलं आणि ते सगळं तिथेच राहिलं. आता तो विषयच संपला. त्या जागेत कोणाचं तरी बस्तान बसतंय, यात मला खरंच समाधान आहे.

बाबा, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. बरेच दिवस मनात घोळते आहे. तुमच्याकडे आता माणूस येतंय म्हणूनच धीर होतोय, नाहीतर मी तोंड उघडलं नसतं. पण या पत्रात नको. तुम्ही आणि आई रागावणार नाही असं आधी कळवा.

तुमची सून

१० एप्रिल

पोरी,

रागावू? वेडी आहेस का तू?

तुला काय सांगायचंय ते आम्हाला कळलंय. तुझं पत्र मी मोठ्यानं वाचत होतो. शेवटाला आलो तेव्हा हिनं माझा हात धरला आणि विचारलं, कळलं ना तुम्हाला? मी म्हटलं, न कळायला काय झालं! आता मी स्वतःहून तो शब्द लिहीत नाही. तो तुझ्या तोंडून ऐकायचाय, एवढा हट्ट करू दे.

पण आमचं दोघांचं हो आहे. मनापासून हो. आमच्याकडे बघून संकोच करत असशील तर सोडून दे. लोक काय म्हणतील याची काळजी नको, लोकांना मी बघून घेईन. मला नाही जमलं तर ही आहेच, तिची जीभ आता मोकळी झाली आहे. दोन वर्षं एकटीनं काढलीस, पुरे झालं. माणसानं आपल्या माणसांत राहावं. दादाशी बोलून घे आणि ठरवून टाक. उगाच लांबवू नकोस. चांगल्या गोष्टी लांबणीवर टाकल्या की बिघडतात, हे आमच्याइतकं कोणाला माहीत?

इकडची बातमी अशी की प्लॅस्टिक कोरडं निघालं. मी ते काढून हिला दाखवलं तर ती म्हणाली, एवढं काय नाचताय. पुट्टीचे दोन हात झाले, घासकागद झाला, प्रायमर झाला. घासताना इतकी धूळ उडाली की मी भुवयांपर्यंत पांढरा झालो होतो. रंगारी रुसवा विसरून शेवटच्या दोन हातांसाठी आला. पांढऱ्यात थेंबभर काळा. लावून झाल्यावर म्हणाला, असला कसला रंग, लावलाय का नाही तेच कळत नाही. मी म्हटलं, ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल.

सगळं काम संपलं. टेबल आलं, फळ्या लागल्या. ही रोज सकाळी शटर वर करते, झाडून काढते आणि उगाचच थोडा वेळ उभी राहते.

तुझ्या पत्राची वाट बघतोय. लवकर लिही.

बाबा

१८ एप्रिल

बाबा, आई,

तुमचं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि लगेच दादाला फोन लावला. तुम्हाला कसं कळलं? दादानंच कळवलं असणार. तो शपथेवर नाही म्हणतो, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

मग आता मोकळेपणानं सांगते. एक जण आहेत. आमच्या दुकानाला माल येतो त्या गोदामाचं काम ते बघतात. त्यांची बायको आजारपणात गेली. मुलगी आहे सहा वर्षांची, तिला सगळे चिमणी म्हणतात. शाळा सुटली की ती आमच्या दुकानात येऊन बसते आणि जुन्या शेड कार्डांची घरं बांधते. मध्ये तिला ताप भरला होता तेव्हा माझं बोट सोडेना. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं तेव्हाही नाहीच. तुम्ही आणि आई त्या घरात एकटे असताना मी इथे दुसरा संसार मांडायचा, हे माझ्या जिवावर यायचं. भाडेकरू बाईंचं कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की कदाचित जमेल. तरीही तुम्ही नको म्हणाला असतात तर मी तो विषय कायमचा मिटवला असता. त्यांनाही तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, अशी माणसं असतात? त्याच संध्याकाळी मी हो म्हटलं.

तुम्ही लांबवू नकोस म्हणालात, म्हणून तारीखही घेऊन टाकली. २५ मे. नुसत्या सह्या करायच्या, घरातली चार माणसं. तुम्हाला या असं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

तुमचं 'हो' आलं नसतं तर हे झालंच नसतं, बाबा. तो गेल्यापासून पहिल्यांदा मी सबंध रात्र झोपले. भाडेकरू बाई कधी येताहेत? त्यांना माझा नमस्कार सांगा. टेबलाची उंची नीट जमली का तेही विचारा.

खाली काय लिहायचं ते कळत नाही, म्हणून

तुमचीच पोर

३० मे

पोरी,

तुला आणि त्यांना आम्हा दोघांचे आशीर्वाद. सुखात राहा. चिमणीला गोड पापा.

उत्तराला उशीर झाला. भिंतीच्या कामात होतो.

भाडेकरू बाईंचं जमलं नाही. त्यांना दुसरीकडे जागा मिळाली, इथल्यापेक्षा चांगली. त्यांचा काही दोष नाही.

बाबा

८ जून

बाबा,

एवढंसं पत्र तुम्ही मला आजवर लिहिलेलं नाही. आणि भिंतीचं काम तर एप्रिलमध्येच संपलं होतं, तुम्हीच लिहिलं होतंत.

मी तुमची सगळी पत्रं काढून परत वाचली. बाई माझ्याच उंचीच्या. शिवणकाम उभ्यानं. समजा रंगाचं दुकान असतं तर. कोण येणार ते कळल्यावर आईंचं जेवण सुधारलं. हे सगळं माझ्यासमोर होतं आणि मला दिसलं नाही. मला ते दिसायला नको होतं, बाबा. मला त्या बाई हव्या होत्या. त्या असल्या की मी सुटत होते.

आणि ते एप्रिलचं पत्र. आमचं दोघांचं हो आहे, असं तुम्ही लिहिलंत, ते कशाला? मी ते पत्र उशाशी घेऊन झोपत होते. आता उघडायची भीती वाटते.

ती बाई कोण होती ते एकदा स्पष्ट सांगा. मला लागेल म्हणून लपवू नका, लागायचं ते लागून झालंय. ह्यांनाही मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, तू जाऊन ये, हवं तितकं राहा, मी चिमणीला बघतो.

दोन-तीन दिवसांची रजा मिळते आहे. मला ती भिंत बघायची आहे. आईंच्या मांडीवर डोकं ठेवायचंय. येऊ ना?

तुमची

१६ जून

पोरी,

कोणी बाई नव्हती.

ती खडूची आखणी आम्ही गावाहून परत आलो तेव्हाच बघितली होती. तुम्ही दोघं लपवताय म्हणून आम्हीही न बघितल्यासारखं केलं आणि वर जाऊन हसलो. या जानेवारीत मला वाटलं, जागा तयार करून ठेवली तर तू येशील. सरळ 'ये' असं लिहिलं असतं तर तू आमची दया येऊन आली असतीस, किंवा नाही म्हणताना तुझा जीव कासावीस झाला असता. दोन्ही नको होतं. म्हणून बाई काढली. सगळं झालं की सांगणार होतो, बाई म्हणजे तूच गं. ते वाक्य मी मनात कितीदा लिहिलं असेल.

'हो' म्हटलं ते तुझ्या येण्याला. तुला सांगायचंय ते तेच असणार, दुसरं काही असू शकतं हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नाही.

तुझं एप्रिलचं पत्र हिनं वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि खाली गेली. शटर आतून ओढून घेतलं. मी बाहेर उभा होतो. आतून काही आवाज येत नव्हता. वर आली तेव्हा म्हणाली, त्या पोरीला यातलं एक अक्षर कळवायचं नाही. मी म्हटलं, कळवलं तर ती थांबेल. ती म्हणाली, म्हणूनच. तारीख उलटेपर्यंत आम्ही गप्प बसलो. खोटं कशाला सांगू, मी त्या दिवसांत तुला दोनदा पत्र लिहिलं. पाकिटं बंद केली, तिकिटं लावली. एकदा तर पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो. ही मागून आली, माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि आम्ही दोघं परत घरी आलो. रस्ताभर ती रडत होती. येणारेजाणारे बघत होते, पण तिला त्याचं काही नव्हतं.

तुझं काही चुकलं नाही. तुझं वय काय, आमचं काय. तो माणूस चांगला दिसतोय, तुला 'जाऊन ये' म्हणाला त्यावरून कळलं. हे सगळं मला डोक्यानं कळतं. बाकीच्याला वेळ लागेल. तुझ्यावर राग नाही. दुःख आहे, आणि ते खूप आहे. पुन्हा काही झाकून ठेवायला गेलो तर पुन्हा तसाच घोळ होईल, म्हणून जसं आहे तसं लिहिलं.

तू येऊ का विचारलंस. येऊ नकोस. निदान यंदा तरी नको. तू दारात दिसलीस तर ही तुला परत जाऊ देणार नाही. आणि मी तिला आवरणार नाही.

बाबा